खाटेएवढी ज्वारी

कडब्याचा पहिला ट्रॅक्टर कॉलनीतून गेला की माघ संपत आला असं आम्ही समजतो. यंदाही तो गेला आणि जाताना केबलची वायर तोडून गेला. दोन दिवस टीव्ही बंद होता. त्यामुळे लोक गच्चीवर आले, आणि गच्चीवर आल्यामुळे त्यांना नाल्यापलीकडची रानं दिसली. काढणी चालू होती. ज्वारी आडवी होत चालली होती, पण जवळजवळ प्रत्येक वावरात कुठेतरी एक तुकडा उभाच होता. फार मोठा नाही. एक खाट मावेल एवढा.

"अर्धवट कामं करतात हो आजकाल," शेजारच्या गच्चीवरून आवाज आला. "मजुरांना गरजच राहिली नाही."

या विषयावर गप्प बसण्याचा मला जुना सराव आहे.

कडब्याच्या वासावर हळवं होऊन लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या बहुतेकांनी कडबा उचललेला नसतो. मीही उचललेला नाही, पण मला तो वास आवडतही नाही. कोरडा, किंचित गोडसर, घशात जाऊन बसणारा. सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी बारा वाजता त्याच शालीचा राग येतो, असे ते दिवस. बोर्डाच्या परीक्षा तोंडावर आलेल्या, नाल्याच्या काठचा एकुलता एक पळस कुणालाही न विचारता पेटलेला. अशा दिवसांत तो वास आला की माझ्या डोळ्यांपुढे बांबूची एक दुरडी येते आणि तिच्यावर झाकलेला टॉवेल. टॉवेलवर निळ्या रेघा होत्या.

हिंगोली जिल्हा झाली तेव्हा गावाला दोन गोष्टींची घाई झाली, फलकांची आणि प्लॉटची. कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागे साहेब आले, साहेबांच्या मागे आमच्यासारखे आले. वाशिम रस्त्याच्या अंगाला जिथे ज्वारी आणि तूर होती तिथे चुन्याच्या रेघा पडल्या. मी तेव्हा कॉलेजात ग्रंथपाल होतो. रेघांच्या अगदी शेवटचा चौकोन माझ्या वाट्याला आला. आधी इथे कोण राहत होतं, ही चौकशी खरेदीखतात नसते.

पहिली दोन-तीन वर्षं ते आधीचे रहिवासी येऊन जाऊन असायचे. मुंगूस स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून आत बघायचं. एकाच्या न्हाणीघरात घोरपड निघाली आणि त्या गृहस्थांनी चार दिवस अंघोळ केली नाही. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, एक कळप रोज सकाळी वाचनालयासाठी राखून ठेवलेल्या प्लॉटमध्ये येऊन उभा राहायचा. त्या जागेचा तेवढा नियमित उपयोग नंतर कुणी केला नाही. दिवेलागणीला नाल्यात कोल्हे ओरडत आणि कॉलनीतली माणसं खिडक्या लावून घेत. प्राणी वस्तीत शिरले, असं लोक म्हणायचे. कोण कुणाच्या घरात शिरलं हा प्रश्न आता शाळेच्या निबंधातसुद्धा येतो, म्हणून त्याबद्दल मी काही लिहीत नाही. रोह्यांनी मात्र या विषयावर कधी सभा घेतली नाही.

सभा आम्ही घेत होतो. कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष बापूसाहेब, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण असलं तर पहिले तेच दारात उभे असत. पण सगळी नोकरी कागदात गेल्यामुळे साधं बोलणं त्यांना जड जाई. नळाला पाणी आलं तर ते 'पाणीपुरवठा पूर्ववत झाला' असं म्हणत. अशाच एका हिवाळ्यात कुणीतरी पाण्याच्या टाकीजवळ चिखलात पंजा पाहिला. तो बहुधा आमच्याच गल्लीतल्या कुत्र्याचा होता, पण कुत्र्याच्या पंजावर सभा भरत नाही. बापूसाहेबांनी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सर्व रहिवाशांना सूचित करण्यात येते की परिसरात बिबट्यासदृश हिंस्र श्वापदाचा वावर असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' लोकांनी त्यातला एकच शब्द वाचला. माणसं शतपावलीला काठ्या घेऊन निघू लागली. जो तो म्हणे की मी शेपूट पाहिलं. एवढी शेपटं असती तर बिबट्याला चालता आलं नसतं.

माझ्या घराला लागून कॉलनीची खुली जागा होती. नकाशात ती उद्यान होती. उद्यान होईपर्यंत कमिटीने ती बटईने ज्वारीला दिलेली. त्या वर्षी उद्यानाऐवजी सभागृहाचं ठरलं आणि भूमिपूजनाला कुणी मोठे पाहुणे येणार असं नक्की झालं. पाहुण्यांची तारीख पाहुण्यांना विचारून ठरली, ज्वारीला कुणी विचारलं नाही. कणसं पुरती वाळलेली नव्हती, तरी दोन दिवसांत रान मोकळं करायचं फर्मान निघालं.

काढणीला नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरच्या बाया आल्या. ज्वारीचा पाला हात कापतो, म्हणून त्या घागऱ्यावर नवऱ्यांचे जुने लांब बाह्यांचे शर्ट घालत. त्यांच्यात पुढे असायची ती कमळाबाई. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, वर फिक्कट निळा शर्ट, त्याच्या खिशावर कुठल्या तरी शाळेचं बोधचिन्ह. माझं घर जवळ म्हणून बाया पाणी प्यायला माझ्याकडे येत. पुढच्या खोलीतली पुस्तकं पाहून कमळाबाईने एकदा विचारलं होतं, "एवढं समदं वाचून काय करून राहिले, गुरुजी?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याला आली तेव्हा हळू आवाजात बोलत होती. मधल्या सऱ्यांमध्ये पिल्लं आहेत म्हणाली. तीन. डोळे उघडलेले. रानमांजरीची.

मग तुम्ही काय करणार, असं मी विचारलं.

"काय करायचं? तेवढं उभं ठिवलं. आठ दिसांत ती उचलून नेती. मंग येऊन कापतो आमी."

हे त्यांच्या कामातलंच होतं. विळ्यापुढे सशाचं पिल्लू आलं, लावरी पाखराची अंडी आली, की तेवढी ज्वारी उभी ठेवायची, भोवतालून कापत जायचं, आणि आठवड्याने येऊन तेवढीच कापून न्यायची. मालक काही म्हणत नसत. तांड्यावर याला काही नाव नव्हतं. आमच्याकडे असतं तर आम्ही त्याला अभियान म्हटलं असतं.

अकराच्या सुमाराला बापूसाहेब मंडप कुठे घालायचा ते बघायला आले. सगळं रान ताटासारखं सपाट आणि बरोबर मध्ये, जिथे पाहुण्यांची खुर्ची यायची तिथे, ज्वारीचा एक उभा तुकडा. झाडलेल्या अंगणात एकच वस्तू ठेवली तर नजर दुसरीकडे जातच नाही. हे का ठेवलं, असं त्यांनी विचारलं. बाया पेंढ्या बांधत राहिल्या. बापूसाहेबांनी काठीने ज्वारीची ताटं बाजूला सारली, आत वाकून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले. आमच्या कॉलनीच्या इतिहासात ते एकदाच धावले, ते त्या दिवशी.

पंधरा मिनिटांत सगळी कॉलनी तिथे होती. बिबट्याचे बछडे सापडले. हातमोजे कुणाकडे नव्हते, म्हणून एकाने स्कूटर पुसायच्या फडक्याने ती उचलली, दुरडीत घातली आणि वर टॉवेल टाकला. मी पाहिली ती. मातकट रंग, पायांवर पुसट पट्टे, डोक्याच्या मानाने फार मोठे कान. मुठीएवढे जीव, पण फिस्कारत होते असे की माणसं मागे सरत होती. दुरडी कमिटीच्या पत्र्याच्या खोलीत गेली. तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी विळा मागून घेतला आणि उभी राहिलेली ज्वारी कापून टाकली. जागा स्वच्छ झाली.

कमळाबाई माझ्या फाटकाशी आली. आत आली नाही.

"गुरुजी, तुमी सांगा त्यायला. आमी सांगितलं तर म्हंतेत, तुला काय कळतंय. तुमचं ऐकतेत."

मी बघतो म्हणालो.

"दिस मावळायच्या आत ठिवलं पायजे बरं. जिथलं तिथं. ती येऊन बघंल."

मी बघायला म्हणून कॉलेजात गेलो. खरं तर बघायची गरज नव्हती. पण मी ग्रंथपाल. पुस्तकात सापडेपर्यंत मला पाऊससुद्धा पडल्यासारखा वाटत नाही. प्राण्यांवरचा जाडजूड कोश काढला. रंगीत चित्रांची पानं एकमेकांना चिकटलेली होती, कुणी उघडलीच नव्हती. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर जन्मापासून ठिपके असतात. दुरडीतल्यांच्या अंगावर एकही नव्हता. पुढच्या पानावर ती होती. आखूड शेपटी, टोकाकडे काळी वळी, कानांच्या टोकाला केसांची बारीक शेंडी. खाली लिहिलं होतं की हे मांजर पाण्याजवळच्या गवतात आणि उभ्या पिकात राहतं. मी कोश जागेवर ठेवला. रजिस्टरमध्ये नोंदसुद्धा केली नाही.

परत आलो तेव्हा चार वाजले होते आणि तेवढ्यात बरंच काही घडून गेलं होतं. वार्ताहर फोटो घेऊन गेला होता. पाहुण्यांना फोन गेला होता आणि त्यांनी आनंद व्यक्त केला होता. भूमिपूजनातच बापूसाहेबांचा सत्कार ठरला होता. त्यासाठी मानपत्र हवं होतं.

"तुमच्याशिवाय कोण लिहिणार, सर?" बापूसाहेब म्हणाले.

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हणालो, "बापूसाहेब, ती बिबट्याची नसावीत. मी कोशात पाहिलं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांच्या नजरेत अडवणूक नव्हती. कागदावर सही करण्याआधी विचारावं तसं त्यांनी विचारलं, "नसावीत, की नाहीत?"

आजही मी त्या जागी परत जातो. पत्र्याच्या खोलीचा तापलेला वास, दारात गर्दी, आतून फिस्कारणं. 'नाहीत' म्हटलं असतं तर ती दुरडी मलाच उचलावी लागली असती, सगळ्यांच्या देखत रानात न्यावी लागली असती, आणि कॉलनीने पहिल्यांदाच कमावलेलं नाव माझ्या हातून गेलं असतं. मी आयुष्यभर समारंभांची टिंगल केली. एखादा समारंभ मोडायची वेळ आली तेव्हा मला तो मोडवेना.

"नसावीत," मी म्हणालो.

"मग वन खात्याला कळवलंय. परवा येतो म्हणालेत. ते ठरवतील. तोवर आपण अंगावर घ्यायचं नाही."

त्या संध्याकाळी मी गच्चीवर होतो. ऊन गेलं होतं, उजेड होता. ती नाल्याच्या बाजूने आली. मोठ्या मांजराएवढी, पायांनी उंच. धसकटांतून ती चालली तेव्हा लपायला काही नव्हतं आणि तिलाही ते कळत होतं. दर दहा पावलांवर ती खाली बसायची. जिथे ज्वारी उभी होती तिथे आता कमळाबाईने पाच पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या केल्या होत्या, तिला जागा सापडावी म्हणून. ती पेंढ्यांच्या आत गेली. बाहेर आली. पुन्हा आत गेली. मग तिने आवाज काढला. घसा बसलेल्या माणसाने दबकत कुणाला तरी हाक मारावी तसा. पत्र्याची खोली तिथून दोनशे पावलांवर असेल. खोलीसमोर माणसं होती, बल्ब होता, परवाच्या खुर्च्या उतरवणं चालू होतं.

मी खाली येऊन मानपत्र लिहायला बसलो.

मानपत्र चांगलं झालं. त्यात मी बिबट्या हा शब्द एकदाही वापरला नाही. सगळीकडे 'वन्य जीव' म्हटलं. खोटं लिहिलं नाही, याचं त्या वेळी मला समाधान वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी कमळाबाई बापूसाहेबांकडे पिल्लं मागायला गेली, तेव्हा ती शासनाच्या ताब्यातली बाब आहे असं तिला सांगण्यात आलं. शासन तोवर आलेलंही नव्हतं. कॉलनीतल्या बायकांनी प्रेमाने गायीचं दूध आणलं, कुणी साखर घालून आणलं, कुणी शेवटच्या बाळाची बाटली शोधून आणली. दूध पोटात राहीना. दुपारी पहिलं गेलं. टॉवेल तसाच झाकून ठेवला, बाकीच्यांना थंडी लागू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी भूमिपूजनाला पाहुणे दीड तास उशिरा आले. नारळ फुटला, कुदळ मारली, ती धसकटाला अडकली, पुन्हा मारली. मानपत्राचं वाचन मीच केलं. माझा आवाज माईकवर बरा लागतो असं लोक म्हणतात. बापूसाहेबांना शाल घातली. टेबलावर फुलांच्या शेजारी दुरडी होती, आणि पाहुण्यांना आतलं बघायचं होतं, पण ती झोपली आहेत असं त्यांना सांगण्यात आलं.

वन खात्याचा माणूस आला तेव्हा जेवणं चालली होती. उतारवयाचा वनरक्षक, सायकलवर आलेला, पँटीला क्लिपा. त्याने टॉवेल उचलला. एका बोटाने तिघांना चाचपून पाहिलं.

"गेलेत तिन्ही," तो म्हणाला. मग एकाचं शेपूट बोटावर धरून म्हणाला, "अन् हे रानमांजर हाय, साहेब. बिबट कुठलं. हे सापडलं तिथंच राहू द्यायचं असतं. माय येऊन नेते."

बापूसाहेबांच्या अंगावर अजून शाल होती. पहिल्यांदाच त्यांना वाक्य सापडत नव्हतं. त्यांनी शाल काढली, घडी केली, खुर्चीवर ठेवली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "सर, तुम्ही म्हणाला होतात ना?"

"नसावीत म्हणालो होतो."

त्यांनी मान हलवली. पुढे कितीतरी वर्षं आम्ही एकमेकांना नमस्कार करत राहिलो, पण या गोष्टीवर पुन्हा बोललो नाही.

संध्याकाळी कमळाबाई पाण्याला आली. काढणी संपली होती, म्हणजे ती पाण्यासाठी आली नव्हती. तांब्या हातात घेऊन उभी राहिली.

"पुस्तकात होतं का, गुरुजी?"

"होतं."

ती पाणी प्यायली. तांब्या पालथा घालून ओट्यावर ठेवला.

"चुकी आमचीच हाय. उभं ठिवलं म्हणून दिसलं. रानात ठीक हाय ते. इथं न्हाई ठिवायचं."

एवढं म्हणून ती गेली. मला तिने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मांजरी त्यानंतर सहा संध्याकाळी आली. मी मोजल्या. गच्चीवर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पाचव्या दिवशी मंडपवाले, मंडप घालताना कडेला सारलेल्या त्या पेंढ्यासुद्धा गाडीत टाकून घेऊन गेले. सहाव्या दिवशी ती मोकळ्या रानात बसून राहिली, हाक न मारता. सातव्या दिवशी आली नाही. मीच वर जात राहिलो, थोडे दिवस.

आता तिथे सभागृह आहे. लग्नाच्या तिथींना गाड्या माझ्या फाटकापर्यंत लागतात. दाराशी दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे पेंग्विन चोच उघडून उभे आहेत, त्यांच्या तोंडात पत्रावळी टाकायच्या. हिंगोलीत पेंग्विन कुठून आले असं कुणी विचारत नाही. आत भिंतीवर मानपत्र चौकटीत लावलेलं आहे. बापूसाहेब गेले, मला त्यांची आठवण येते, पण मानपत्र काढायला कुणाचा हात होत नाही. सुंदर आहे, असं पाहुणे म्हणतात. कॉलनीच्या पलीकडे आणखी तीन कॉलन्या झाल्या, रस्ता रुंद झाला, छोटी रेल्वे जाऊन मोठी आली. रोही आता कनेरगाव नाक्याकडे जाताना, तेही नशीब असलं तर, लांबून दिसतात. नाल्यात कोल्हे ओरडत नाहीत. खिडक्या आम्ही अजून लावून घेतो, डासांमुळे.

परवा मी नाला ओलांडून पलीकडे गेलो. गुडघे दुखतात, तरी गेलो. एका वावरात पाच-सहा बाया पेंढ्या बांधत होत्या. मध्ये तो तुकडा उभा होता. त्यांच्यातल्या एकीने मला ओळखलं. कमळाबाईची सून. सासू गेली परवाच्या पावसाळ्यात, म्हणाली. अंगात तसाच लांब बाह्यांचा शर्ट होता.

मी उभ्या ज्वारीकडे बोट केलं. यात काय आहे, असं विचारलं.

"काय न्हाई."

मग पलीकडच्या वावरात? त्याच्या पलीकडच्या?

"त्यात बी न्हाई." ती हसली नाही, पण तिला माझी गंमत वाटली असावी. "समद्या रानात एक-एक सोडतो आमी. सासूनं लावून दिलंय. तुमच्या कॉलनीत ते झालं ना, तवापासून. कशात हाय, कशात न्हाई, कुणाला कळू ने म्हणून."

वाऱ्याने ज्वारी हलली. मी तिकडे पाहिलं, ती पाहत नव्हती.

"यंदा एकात तरी आहे का?" मी विचारलं.

"यंदा न्हाई." तिने पेंढीला गाठ मारली, गुडघ्याने दाबून घट्ट केली. "मागच्या साली बी नव्हतं. लई सालं झाली, गुरुजी, कशातच न्हाई."

मग ती पुढची पेंढी बांधायला वाकली. परतताना मी वावरं बघत आलो. अकरा तुकडे उभे होते. उन्हं कलली होती आणि प्रत्येकाची सावली शेजारच्या धसकटांवर लांब पडली होती.